साबणावरचा बगळा कोणी काढला

बायका साबण मागताना नाव घेत नाहीत. आमच्या जबलपुरात तरी घेत नाहीत. "भैया, बगुलेवाला देना," म्हणतात अन् दुकानदार मागे न बघता फळीवरून वडी काढून देतो. कपडे धुवायचा पिवळा साबण, त्याच्या कागदावर निळा बगळा, एका पायावर उभा, मान मागे दुमडलेली. माझ्या डोळ्यांदेखत त्या साबणाचा कागद बदलला, वास बदलला, मालक बदलले. बगळा आहे तसाच आहे. तो बगळा माझ्या बाबांनी काढला. हे मी ज्यांना ज्यांना सांगितलं ते सगळे "अच्छा?" म्हणाले. आमच्याकडचा हा "अच्छा" कसा असतो ते ठाऊक असेल त्याला वेगळं काय सांगू.

बरं, त्यांना तरी कशाला बोलायचं? गाणं लागलं की माणूस विचारतो, कोणी गायलं. भाजी चांगली झाली तर विचारतो, कोणी केली. माचिसच्या डबीवरचं, छत्रीच्या मुठीवरचं, शाईच्या बाटलीवरचं चित्र आपण जन्मभर पाहतो अन् ते कोणी काढलं असेल असं एकदाही मनात येत नाही. जणू ते डबीबरोबर आपोआप उगवलं. मीही विचारलं नसतं. पण माझ्या घरात तो माणूस पोळी खात बसलेला होता, म्हणून मला ते लागतं. अन् लागायचं दुसरंही कारण आहे. ते मी इतकी वर्षं मूग गिळून दाबून ठेवलं, आता सांगून टाकते.

बाबा संरक्षण खात्याच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. राज्यं नव्यानं आखली गेली तेव्हा नागपूर तिकडे महाराष्ट्रात गेलं, आम्ही इकडे मध्य प्रदेशात राहिलो. नातलग सगळे तिकडे, नोकरी इकडे. बाबांच्या अक्षराचं मात्र इथल्या मराठी लोकांना फार कौतुक. मंडळाच्या गणपतीची पाटी तेच रंगवायचे. ती पाटी पाहूनच एका रविवारी साबणवाले शेटजी आमच्या क्वार्टरवर आले. तेव्हा त्यांचा कारखाना म्हणजे पनागरच्या रस्त्यावर एक पत्र्याची शेड अन् दोन कढया. त्यांना छाप हवा होता. "ऐसा कुछ, मास्टरजी, कि अनपढ़ औरत भी पहचान ले," असं म्हणाले. बाबा मास्तर नव्हते, पण कामाला हो म्हणाले.

पुढचे तीन-चार रविवार बाबा सायकल काढून पनागरकडे गेले. एकदा मला दांडीवर बसवून नेलं. मी सहा वर्षांची असेन. भाजीच्या मळ्यांत पाणी सोडलेलं अन् त्यात बगळे उभे. एवढ्या चिखलात उभं राहून एवढं पांढरं कसं राहायचं, ते फक्त त्यांनाच माहीत. बाबा बांधावर बसून नुसते पाहत राहिले. कागद नाही, पेन्सिल नाही. मला भूक लागली तेव्हा कुठे उठले. आई घरी म्हणाली, "काहून हो, काही काढलं की नाही?" तर म्हणे, "मला पक्षी नाही येत काढता. मला गोल येतात." अन् खरंच त्यांनी सगळा बगळा परकारानं काढला. मानेला दोन गोल, पाठीला एक मोठा, पोटाला एक, डोळ्याला, शेपटीला अन् पायाला एकेक, असे मिळून सात. प्रत्येक गोलाचा तेवढाच तुकडा ठेवायचा जेवढा बगळ्याला लागतो, बाकीचा पुसायचा. हातानं ओढलेली रेघ एकच, ती चोचीची. कसाही छापा, कितीही भरड कागदावर छापा, तो बगळाच दिसतो. हे मला फार पुढे कळलं. तेव्हा मी बाबांना विचारलं होतं, याला दुसरा पाय काहून नाही, अन् ते हसले होते.

अंतिम चित्र त्यांनी ट्रेसिंग क्लॉथवर काळ्या शाईत काढलं. हे कापड आता कोणी पाहिलं नसेल. निळसर, चकचकीत, कडक, आरपार दिसणारं. खळ घालून घालून तसं केलेलं. छापखान्यानं त्यावरून काम केलं अन् शेटजींनी ते कापड मानानं परत पाठवलं, सोबत साबणाची एक पेटी. बाबांनी तेव्हा त्यांना एकच गोष्ट बजावून सांगितली होती. माझं नाव कुठे घेऊ नका. सरकारी नोकराला खात्याच्या परवानगीशिवाय बाहेरचं काम करायची मनाई, अन् बाबांसारखा घाबरट माणूस मी दुसरा पाहिला नाही. "कोणी विचारलं तर मुंबईहून करून आणलं म्हणा," असं ते स्वतः म्हणाले. शेटजी शब्दाचे पक्के निघाले, आणखी काय.

बाबांच्या कारखान्यातल्या नकाशांना उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असते. त्यात ड्रॉन, चेक्ड असे रकाने. ज्याच्या हातानं रेघ ओढली त्याची सही ड्रॉनखाली, दुसऱ्याची चालत नाही; तपासणाऱ्याची चेक्डखाली. बाबांनी बगळ्याखालीही सवयीनं ती चौकट आखली होती अन् कोरी ठेवली होती. मी ती पाहिली आहे. शेवटची मीच पाहिली.

ते असं झालं. ड्राफ्ट्समन लोकांच्या घरी तेव्हा एक रीत होती. कारखान्याच्या लिलावात ट्रेसिंग क्लॉथचे कोरे तुकडे निघायचे, ते लोक घरी आणायचे. बायका ते उकळत्या पाण्यात भिजवायच्या, साबण लावून खसाखसा चोळायच्या. खळ निघाली की आतून असं तलम सूत निघायचं की दुकानात मिळायचं नाही. आमच्या कॉलनीतले सगळे हातरुमाल त्याचे, सगळी तान्ही लेकरं त्याच झबल्यांत. मी अकरा-बारा वर्षांची असताना ताई पहिल्या बाळंतपणाला नागपूरहून आली. आई म्हणाली, "जाय, ट्रंकेतलं कापड काढ अन् धुऊन टाक, झबली शिवायची आहेत." मी ट्रंक उपसली. तुकडे लहान लहान होते. तळाशी जुन्या धोतरात गुंडाळलेली एक मोठी, चांगली सुरळी निघाली. उघडली तर बगळा.

मला कळलं नाही असं मी म्हणणार नाही. मला सगळं कळलं. हा बाबांचा बगळा, ही त्यांची चौकट. पण मला वाटलं, बगळा तर घरोघरी आहे, प्रत्येक वडीवर आहे, मग हा एक कशाला ठेवायचा? अन् ताईच्या पोटी येणारा भाचा माझा लाडका होता, तो यायच्या आधीपासून. मी बादलीत गरम पाणी ओतलं. साबण तोच होता, दुसरा कुठला असणार घरात? शाई खळीबरोबर सुटली, पाणी काळं झालं, मी ते मोरीत ओतलं. वाळल्यावर कापडावर मानेची एक पुसट रेघ राहिली होती, ती आईनं शिवणीत घेतली. तिला वाटलं डाग आहे. दोन झबली अन् एक टोपडं झालं. भाचा त्यात राजबिंडा दिसायचा. मी कोणाला काही बोलले नाही, अन् कोणी काही विचारलंही नाही.

साबण वाढत गेला. शेड जाऊन मोठा कारखाना झाला, भिंतीभिंतीवर बगळे आले. बाबांबरोबर बाजारात जाणं म्हणजे शिक्षा. सदर बाजारात भाजी घ्यायला निघालो की दर भिंतीपाशी थांबायचे. "मान पाहा. त्रिज्याच चुकली. हा काय बगळा आहे? बदक करून ठेवलं." एकदा जबलपुरातल्याच गोरखपूर भागातल्या चौकात पेंटर शिडीवर चढून बगळा रंगवत होता. बाबांना राहवलं नाही. खालून म्हणाले, "भैया, गर्दन थोड़ी पीछे लो." पेंटरनं वरून पाहिलं. "बाबूजी, आपने बनाया है क्या?" आजूबाजूचे चार लोक हसले. बाबांच्या नोकरीची तेव्हा दोन वर्षं उरली होती. ते म्हणाले, "नहीं." अन् पिशवी घेऊन चालू लागले. मला त्यांचा इतका राग आला. सांगा ना बाप्पा एकदा, काय फाशी देणार होते? पण मी कोणत्या तोंडानं बोलू? मीही घरात गप्पच होते.

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे गोरखपूरला राहायला आले, आईची ट्रंक घेऊन. हात थरथरायला लागले होते. चहाची बशी त्यांच्या हातात वाजायची, म्हणून मी त्यांना चहा पेल्यात द्यायची. माझी मुलं त्यांच्याशी हिंदीत बोलायची, ते मराठीत उत्तर द्यायचे, दोघांचं छान चाललं होतं. अन् एके सकाळी पेपरात आलं की साबणाच्या कंपनीचा मोठा समारंभ आहे, त्यानिमित्त पुस्तिका निघणार आहे. शेटजी वारले होते, कारभार मुलाकडे होता. मुलानं मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं, आमचा प्रसिद्ध बगळा वडिलांनी मुंबईच्या एका नामी आर्टिस्टकडून करवून घेतला.

बाबांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, "आता मी पेन्शनीत आहे. आता कोणाच्या बापाची भीती नाही." असं बोलणं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "मला काही नको त्यांच्याकडून. फक्त त्या पुस्तकात एक ओळ लिहावी. कोणी काढला ते." माझा हात धरून म्हणाले, "मी मेल्यावर कोणाला पत्ता लागणार आहे? तूच सांग." मी काय सांगणार? पुढचं वाक्य काय येणार ते मला कळलं होतं.

"ट्रेसिंग आहे ना आपल्याजवळ. ते दाखवू."

दोन दिवस शोध चालला. ट्रंक रिकामी केली, पुन्हा भरली, पुन्हा रिकामी केली. ते धोतर सापडलं. ते हातात धरून खाटेवर बसून राहिले. "तुझ्या आईनं कुठे टाकलं कोण जाणे. किती वेळा सांगितलं होतं तिला, माझ्या वस्तूंना हात लावत जाऊ नको. तिला कशाची कदरच नव्हती." आई जाऊन तीन वर्षं झाली होती. तिनं जन्मभर त्यांची एक टाचणी हरवली नव्हती. मी समोर उभी राहून ते सगळं ऐकलं अन् म्हटलं, "जाऊ द्या बाबा, सापडेल." हे मी म्हटलं. या तोंडानं.

तिसऱ्या दिवशी बाबांनी दाढी केली, म्हणजे मी करून दिली, अन् कोट चढवला. आम्ही ऑटोनं साबणाच्या कारखान्यात गेलो. शेटजींचा मुलगा वाईट माणूस असता तर किती बरं झालं असतं. तो उठून उभा राहिला, खुर्ची दिली, चहा मागवला. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाबूजी, पापा तो हमेशा यही कहते थे कि बंबई से बनवाया."

"मैंने ही बोला था उनको, ऐसा कहना."

त्यानं मान हलवली. मला त्याचा चेहरा दिसत होता. असे म्हातारे त्याच्याकडे आधीही येऊन गेले असतील. "कोई कागज़, कोई पुरानी ड्राइंग है आपके पास?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे पाहिलं. "थी," ते म्हणाले. "घर में मिल नहीं रही."

"अच्छा," तो म्हणाला. मग मनापासून म्हणाला, "तो एक बार बना के दिखा दीजिए. हमारा भी सौभाग्य हो जाएगा." अन् कागद-पेन पुढे सरकवलं.

मला ओरडावंसं वाटलं, नका, बाबा, पेन घेऊ नका. त्यांनी घेतलं. पेन कागदावर टेकलं अन् टकटक वाजायला लागलं. डाव्या हातानं त्यांनी उजवं मनगट धरलं. बऱ्याच वेळानं एक टिंब उमटलं. मग दुसरं. सात टिंबं काढली अन् पेन ठेवलं. रेघ त्यांनी ओढलीच नाही. ओढता येणार नाही हे त्यांनाही ठाऊक होतं.

मुलानं कागद आपल्याकडे वळवून पाहिला. "इसमें बगुला कहाँ है, बाबूजी?"

"इसी में है," बाबा म्हणाले. "गोलों के सेंटर हैं ये."

कोणी हसलं नाही. मुलानं उठून बाबांच्या पायांना हात लावला अन् माणसाला हाक मारून साबणाची एक पेटी आमच्या ऑटोत ठेवायला सांगितली. मी तो कागद झटकन उचलून पर्समध्ये कोंबला. मला लाज वाटली. बाबांची नाही, खरं तर कशाची, ते मला अजून सांगता येत नाही. ऑटोत पेटी मांडीवर घेऊन मी बसले होते अन् तिच्यावर हा एवढा मोठा बगळा.

घरी आल्यावर बाबांनी कोट काढला नाही. "तो कागद आण," म्हणाले. "पोराचा परकार आण. बटर पेपर आहे का?" माझ्या मुलाला शाळेत नकाशे उतरवायला लागतो तो बटर पेपर होता, तो टिंबांच्या कागदावर ठेवला. त्यांनी पेटीवरच्या बगळ्याच्या मानेवर पट्टी ठेवायला लावली, मनातल्या मनात हिशेब केला. "निम्म्या मापात छापलाय, मापं निम्मी सांगतो. चल, पहिलं टिंब घे. नाही, ते सरकलंय माझ्या हातानं. दोन सूत, पाव इंच, उजवीकडे. आता दीड इंच उघड. फिरव. थांब, थांब, एवढाच तुकडा." मी म्हणायची कुठपर्यंत, तर ते बोटानं हवेत दाखवायचे, अन् ते बोटही थरथरायचं. सातही मापं त्यांच्या तोंडात होती. एवढ्या वर्षांत एक सूतही विसरले नव्हते. तासाभरात कागदावर पाठ आली, पोट आलं, मान मागे गेली. चोच मी हातानं ओढली, ती जरा वाकडी झाली. मग बटर पेपर पेटीवर ठेवला. मानेवर मान बसली, पाठीवर पाठ. डोळा तेवढा हुकला. "तो त्यांचाच चुकलाय," बाबा म्हणाले.

मी नाचायचीच बाकी होते. "उद्या जाऊ बाबा! हे दाखवू त्याला!"

"काय दाखवशील? पेटीवर ठेवून गिरवला म्हणेल." ते शांतपणे म्हणाले. "त्याच्या जागी मी असतो तं मीही हेच म्हटलं असतं. जुळला म्हणूनच खोटा वाटणार. ट्रेसिंग पाहिजे होतं."

मग मात्र मला राहवलं नाही. "ट्रेसिंग मी धुतलं, बाबा," मी म्हटलं. "ताईच्या बाळंतपणात. झबल्यांसाठी. आईला माहीतच नव्हतं."

त्यांनी विचारलं, "काहून?"

"मला वाटलं, बगळा तं घरोघरी आहे."

मी वाट पाहत होते, की आता ओरडतील. ओरडले असते तर मी सुटले असते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. म्हणाले, "दोन दिवस मी तुझ्या आईला बोल लावून राहिलो, अन् तू ऐकून राहिली." बस, एवढंच. बगळ्याचं नावही नाही. मी त्यांच्या पायाशी बसून रडले, माफी मागितली, तर त्यांनी डोक्यावर हात ठेवला, पण तो थरथरणारा हात ठेवलाय की नुसता हलतोय, तेही मला कळेना. आईची माफी आता कोण मागणार होतं?

त्यांनी नाक पुसलं. बटर पेपरकडे बोट केलं. "उजव्या कोपऱ्यात चौकट आख."

मी आखली. ड्रॉन, चेक्ड, दोन रकाने केले. मग ड्रॉनखाली मोठ्या अक्षरांत त्यांचं नाव लिहायला घेतलं. एवढं तरी माझ्या हातून व्हावं. त्यांनी माझं मनगट धरलं.

"रेघ कोणाच्या हातानं ओढली?"

"बाबा, बगळा तुमचा आहे!"

"मी विचारून राहिलो, हात कोणाचा?"

मी किती विनवलं. आता कुठलं खातं अन् कुठला साहेब, हा कागद घराबाहेरसुद्धा जाणार नाही, म्हटलं. ऐकतील तर शपथ. जन्मभर खात्याच्या ज्या नियमांना घाबरले, त्या नियमांनी त्यांना आजही सोडलं नाही. शेवटी ड्रॉनखाली मी माझी सही केली. पेन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं अन् चेक्डखाली सही करायला लागले. मी कागद दोन्ही बाजूंनी दाबून धरला होता. फार वेळ लागला.

पुस्तिका निघाली, त्यात मुंबईचा आर्टिस्टच आहे. बाबा त्याच वर्षी गेले. बटर पेपर माझ्याजवळ आहे, त्या धोतरात गुंडाळून ठेवलाय. त्यावरची माझी सही स्वच्छ वाचता येते. त्यांची येत नाही.